महापौरांची यादी

पणजीत नवा महापौर निवडून आला, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याचा हार घातलेला फोटो येतो आणि फोटोखाली त्याची 'प्राधान्यं' येतात. कचरा, पार्किंग, बाजार, सांतिनेजची खाडी आणि शहराचं सुशोभीकरण. माणसं बदलतात, पॅनेलं बदलतात, यादी मात्र तीच. आता यात महापौरांचीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. दुखणी तीच राहिली तर औषधांची यादीही तीच राहणार! मला बोलायचं आहे ते यादीतल्या क्रमाविषयी. सरकारी कचेरीत वीसेक वर्षं फायली सरकवणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला एवढं नक्की कळतं, की जी फाइल ढिगाच्या वर असते तिच्यावर सही होते. खालची फाइल खालीच राहते आणि एक दिवस तिला वाळवी लागते.

आधी आपल्या शहराचा आकार लक्षात घेऊया. २०११ च्या जनगणनेत पणजी शहराची लोकसंख्या होती ४०,०१७. मुंबईतला एखादा प्रभागही याहून मोठा असतो. तरी २००२ च्या कायद्यानं आपल्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली. प्रभाग तीस. म्हणजे हिशेब केला तर एका प्रभागात सरासरी तेराशे-साडेतेराशे माणसं, आणि मतदार त्याहून कमी. इथे नगरसेवक मतदाराला घराण्यासकट ओळखतो. रात्री खांबावरचा दिवा गेला तर आपण त्याला सरळ फोन लावतो आणि तो उचलतोही. ही छोट्या शहराची श्रीमंती आहे. पण तिची दुसरी बाजूही बघायला हवी. मूठभर मतांवर निकाल फिरतो, म्हणून मग ह्याच्या कुंपणापुढे फरशा, त्याच्या गाड्याला जागा, तिच्या अंगणापुरतं गटार अशी कामं आधी होतात. खाडी मात्र एका प्रभागात मावत नाही. त्यामुळे खाडीला नगरसेवक नाही.

त्यात मूळ कायद्यानं महापौराला मुदत दिली ती एका वर्षाची. एका वर्षात काय होतं? एक पावसाळा, एक अष्टमीची फेरी, एक इफ्फी, एक कार्निव्हल, एक शिगमो. उद्घाटनांच्या आमंत्रणपत्रिका छापून होईपर्यंत वर्ष सरतं. ज्याला वर्षभरात काहीतरी दाखवायचं आहे, तो जमिनीखालचं काम कशाला हाती घेईल? जमिनीखालचं दिसत नाही. वरच्या रंगीत फरशा दिसतात.

'महापौराच्या हातात आहे तरी काय?' असंही कोणी विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं, जी १९९३ साली लागू झाली, बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांसाठी अठरा विषय लिहून ठेवले. लिहून ठेवले, म्हणजे दिले असं होत नाही. आपल्याकडे नळाचं पाणी, मलनिस्सारण, वीज, मोठे रस्ते हे सगळं सरकारी खात्यांकडे किंवा महामंडळांकडे. जमिनीच्या नियोजनाला वेगळं प्राधिकरण. मांडवीतल्या कॅसिनोंना परवाना सरकार देतं, त्यांच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या मात्र उभ्या राहतात शहराच्या रस्त्यावर. २०१६ साली पणजीची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली, त्यासाठी आणखी एक स्वतंत्र कंपनी आली. मग सगळे रस्ते जवळपास एकाच वेळी खोदले गेले. २०२४ च्या पहिल्याच दिवशी या कामाच्या खड्ड्यात पडून एका तरुणाचा जीव गेला. त्याच वर्षी धुळीच्या प्रश्नावर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना स्वतः रस्त्यावर उतरून पाहणी करावी लागली. लोकांनी निवडलेली पालिका असताना शहराच्या धुळीचा न्याय न्यायालयाला करावा लागतो, यातच सगळं आलं.

तरीसुद्धा 'हातात काही नाही' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही, कारण याच पालिकेनं कचऱ्याचं काम करून दाखवलं आहे. २००० नंतरच्या दशकात दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात झाली, रस्त्यावरच्या कुंड्या हळूहळू गेल्या, ओला-सुका वेगळा करण्याची सवय लागली, काही वसाहतींत जागच्या जागी खत होऊ लागलं. सगळं आदर्श झालं असं नाही. पण आज पणजीतली गृहिणी दूध-दह्याची पिशवी धुवून वेगळी ठेवते, ही गोष्ट साधी नव्हे. हे कशानं झालं? रोज सकाळी ठरलेल्या वेळी माणूस दारात आला म्हणून झालं. रोजचं काम रोज केलं तर अधिकार कमी असूनही शहर बदलतं, हा आपल्याच घरातला पुरावा आहे.

मग क्रम कसा असावा? माझा असा आहे.

पहिलं, पाण्याची वाट. पणजी उभी आहे ती खाजनावर आणि दलदलीवर. १८२७ ते १८३५ या काळात गोव्याचा कारभार पाहणाऱ्या दों मान्युएल द पोर्तुगाल इ काश्त्रु यानं भराव घालून सरळ रस्त्यांचं शहर आखलं, आणि १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. जमीन माणसानं भरली, पण पाणी आपली जुनी जागा विसरलेलं नाही. मोठा पाऊस आणि मांडवीची भरती एकाच वेळी आली, की गटारातलं पाणी नदीत जाऊ शकत नाही. ते मागे फिरतं आणि अठरा जून रस्त्यावर दुकानांच्या पायऱ्या चढतं. हे शास्त्र आपल्या पूर्वजांना चांगलं ठाऊक होतं. खाजनाच्या बांधाला मानस असायची. भरतीला तिचं दार मिटायचं, ओहोटीला उघडायचं. त्या मानशीची राखण हे गावकारीचं पहिलं काम होतं, कारण मानस मोडली तर खारं पाणी शेतात घुसून अख्ख्या गावाचं पीक जायचं. आज आपण पंप बसवतो, पण राखणदार नेमत नाही.

सांतिनेजची खाडी ताळगावच्या नागाळीकडून निघते आणि कांपालजवळ मांडवीला मिळते. वाटेत तिच्यात सांडपाणी सोडलं जातं, भराव पडतात, ती आकसते. ताळगाव पंचायतीत, सांतिनेज पालिकेत. खाडीला ही हद्द माहीत नाही. म्हणून महापौरानं पंचायतीला, जलस्रोत खात्याला आणि मलनिस्सारणवाल्यांना एका टेबलाभोवती बसवलं पाहिजे. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. चहा-बिस्किटांचा खर्च येतो. मात्र या कामाला फीत कापता येत नाही, म्हणून ते यादीत असूनही वर येत नाही.

दुसरं, पदपथ. पणजी हे चालायचं शहर. मळ्यातून निघालेला माणूस अर्ध्या-पाऊण तासात कांपालला पोहोचतो, तेही वाटेत दोघांशी बोलून! पण आता चालायचं कुठून? पदपथावर दुचाकी, दुकानाची पाटी, केबलची वेटोळी, उचकटलेली फरशी आणि मध्येच गटाराचं तिरपं झाकण. यात गंमत काहीच नाही. आपल्या जुन्या वाड्यांतून आज कोण राहतं ते बघा. मुलं पुण्याला, बंगळूरला, आखातात, पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडमध्ये. घरात उरलेत सत्तर-पंचाहत्तरीचे आई-वडील. त्यांच्यासाठी देवळापर्यंत, इगर्जीपर्यंत, फार्मसीपर्यंत चालत जाणं म्हणजेच शहरात राहणं. एकदा झाकणावरून पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, की ते बाहेर पडायचे थांबतात. मग घराला कुलूप लागतं, पुढे विक्रीची पाटी लागते, आणि तिथे एखादं हॉटेल येतं. शहराचा वारसा असा झाकणापाशी संपतो. बाकीच्या योजनांच्या मानानं फरशा आणि झाकणं नीट ठेवायला पैसा कितीसा लागणार!

तिसरं, बाजार. ताळगाव, मेरशी, सांताक्रूझहून गावठी भाजीची पाटी घेऊन येणारी बाई सोपो भरते आणि उन्हात बाहेर बसते. आत नव्या इमारतीतल्या गाळ्यांचे भाडेकरार वर्षानुवर्षं रेंगाळले. ज्या पालिकेला स्वतःचं न्याय्य भाडं वसूल करता येत नाही, तिला दर कामासाठी पर्वरीच्या वाऱ्या कराव्या लागतात. वारी केली की दात्याच्या मर्जीनं वागावं लागतं. स्वायत्ततेवर भाषणं पुष्कळ होतात, पण स्वायत्तता गल्ल्यापासून सुरू होते.

पार्किंग चौथं. ते चौथं का, तर पदपथ मोकळे झाले आणि बस वेळेवर आली तर त्यातला एक भाग आपोआप सुटतो म्हणून.

आणि सुशोभीकरण? ते सगळ्यात शेवटी. मला सौंदर्याचं वावडं नाही. पण फोंताईन्हासची घरं सुंदर दिसतात ती कोणी रोषणाई केली म्हणून नव्हे. पोर्तुगीज अमदानीत पावसाळा संपला की घर रंगवण्याची सक्ती होती असं सांगतात. खरं असेल तर ते सौंदर्य देखभालीतून आलं. आज त्याच गल्लीतल्या रहिवाशांना 'फोटो काढू नका' अशा पाट्या लावाव्या लागतात. २००४ साली इफ्फी गोव्यात आल्यापासून दर नोव्हेंबरात झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळायची रीत पडली. माळा काढल्यावर झाडाखालचं गटार तसंच उघडं असतं.

शेवटी एक कारकुनी सूचना. आमच्या कचेरीत साध्या कारकुनाची बदली झाली तरी त्याला 'चार्ज' द्यावा लागतो. प्रलंबित फायली किती, कोणती कुठे अडली, किल्ल्या कोणाकडे, हे सगळं लिहून दोघांच्या सह्या होतात. त्याशिवाय खुर्ची सुटत नाही. महापौरानं असा चार्ज जाहीरपणे का देऊ नये? किती गटारांची झाकणं बदलली, किती उरली, खाडीवर किती बैठका झाल्या, कोणत्या खात्यानं उत्तर दिलं नाही, किती भाडं थकलं, हे एका कागदावर लिहून पालिकेच्या दारात लावावं. येणाऱ्यानं त्याखाली सही करावी आणि तिथून पुढे काम सुरू करावं. मग मुदत एका वर्षाची असो की पाच, शहराचं काम पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू होणार नाही. नवी 'प्राधान्यं' जाहीर करण्याऐवजी जुन्या कागदावरच्या ओळी खोडत जाणं, यालाच मी कारभार म्हणेन.

असो. निवडणुका आल्या की नगरसेवक आपल्या दारात येतात, हात जोडतात, आजीच्या तब्येतीची चौकशी करतात. त्यांना चहा द्या आणि एवढंच विचारा, की आपल्या गल्लीतलं हे गटार पुढे कुठे जाऊन मिळतं? ज्याला उत्तर येतं त्याला मत द्यायला माझी हरकत नाही.