पाहणं आणि नोंद

दिवाळीनंतर सांगलीला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. साताऱ्याहून निघताना तिच्या नातवंडांसाठी कंदी पेढे घ्यायचे, हा माझा जुना नेम. बहिणीला मधुमेह होऊन पंधरा वर्षं झाली, त्यामुळे ती पेढ्यांकडे नुसती पाहते. या वेळी मात्र तिने पुडा सोडला आणि पहिला पेढा स्वतःच तोंडात टाकला. मी दचकलो. तर म्हणते कशी, "दादा, आता मला काही होत नाही. मी रोज डोळे मिटून मनाने माझ्या पेशींकडे पाहते. पाहिलं की त्या बदलतात. क्वांटम शास्त्राने सिद्ध केलंय हे."

कुणा गृहस्थांच्या शिबिराला ती पैसे भरून जात होती. गोळ्या तीन आठवडे बंद. मी रागावलो, तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "तूच नाही का भाषणात म्हणाला होतास?"

म्हणालो होतो. ज्येष्ठ नागरिकांच्या एका कार्यक्रमात 'दृष्टी तशी सृष्टी' या विषयावर बोलताना मी एक वाक्य टाकलं होतं, की आपण पाहिलं की कण वागणं बदलतो, असं आता विज्ञानही म्हणतं. टाळी पडली होती. बहीण पहिल्या रांगेत होती.

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला, जन्मभर भाषा शिकवलेला माणूस. ते वाक्य कुठेतरी वाचलेलं, पडताळलेलं नव्हतं. म्हणून साताऱ्याला परतल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. तो कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. दोन संध्याकाळी बसून त्याने जे सांगितलं, त्यातलं मला उमगलं ते असं.

इलेक्ट्रॉन एकेक करून सोडायचे. पडद्यापर्यंत जायला दोन वाटा ठेवायच्या. प्रत्येक इलेक्ट्रॉन पडद्यावर एकच ठिपका उमटवतो, पण हजारो ठिपके साचले की लाटा एकमेकींत मिसळाव्यात तसे पट्टे दिसतात. जपानमध्ये तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली हे ठिपक्या-ठिपक्याने साचताना दाखवलं. आता कोणत्या वाटेने कोण गेलं हे कळेल अशी सोय केली, की पट्टे नाहीसे होतात! इथवर माझं वाक्य बरोबर वाटतं.

मी त्याला म्हटलं, "म्हणजे तपासणीला साहेब आले की वर्ग गप्प बसतो, तसंच ना?" तो हसला. "नाही सर. मुलांना साहेब दिसतात, म्हणून ती गप्प बसतात. इलेक्ट्रॉनला कोण दिसणार? आणि इथे साहेब आलेच नाहीत तरी चालतं."

मग त्याने व्हिएन्नातला २००४ सालचा प्रयोग सांगितला. कार्बनचे ७० अणू असलेले रेणू घेतले. त्यांचेही असे पट्टे पडतात. लेसरने ते रेणू तापवत नेले. तापलेली वस्तू प्रकाश टाकते, तसे हे रेणूही वाटेत प्रकाशाचे कण टाकू लागले आणि पट्टे पुसट होत गेले. तो प्रकाश कुणी गोळा केला नव्हता, कुणी पाहिला नव्हता. रेणू कुठून गेला याची खूण जगात कुठेतरी सुटली, एवढं पुरलं. सारवलेल्या ओल्या अंगणातून मांजर गेलं की पाऊल उमटतं, घरातलं कुणी जागं असो वा नसो. तसंच.

माझ्या मते इथे भाषेनेच घात केला आहे. 'निरीक्षण' या शब्दात 'ईक्षण' म्हणजे पाहणं आहे. पाहणं म्हटलं की डोळे आले, डोळ्यांमागे मन आलं, आणि मनामागे शिबिराची फी आली. निदान सामान्यांसाठी लिहिताना 'पाहणं' सोडून 'नोंद होणं' म्हणावं. नोंद यंत्रात होते, हवेच्या रेणूतही होते. तिला मन लागत नाही.

गंमत म्हणजे 'पाहत राहिलं तर बदल थांबतो' असंही एक गणित आहे, आणि ते १९७७ साली मांडणारे बैद्यनाथ मिश्रा आणि जॉर्ज सुदर्शन हे दोघेही आपल्याकडचेच. सुदर्शन तरुणपणी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पाहत बसलं की दूध उतू जात नाही, नजर हटली की जातं, त्यातलाच प्रकार! अमेरिकेत १९९० साली बेरिलियमच्या आयनांवर त्याचा प्रयोग झाला. पण तिथलं 'पाहणं' म्हणजे लेसरचे झटके होते, कुणाची ध्यानस्थ नजर नव्हे.

मग कोडं सुटलं का? नाही. पट्टे का जातात हे कळलं, पण अनेक शक्यतांमधून हाच एक ठिपका इथेच का पडला, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. मात्र एक गोष्ट पक्की आहे. ठिपका कुठे पडावा हे कुणालाही इच्छेने ठरवता येत नाही. साधा एक इलेक्ट्रॉन मनाप्रमाणे वळत नाही, तिथे रक्तातली साखर काय वळणार?

आमच्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. पण लिंबू-मिरची ओळखता येते. प्रोजेक्टर लावून, 'क्वांटम' म्हणत आलेली फसवणूक शिकलेल्यांनाही ओळखता येत नाही. मलाही आली नाही. उलट तिला मी व्यासपीठावरून दाखला दिला.

असो. बहिणीला भाच्याने डॉक्टरांकडे नेलं. उपाशीपोटी साखर २८० निघाली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सगळं समजावून सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "मग दादा, ते वाक्य तू म्हणालास कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या बैठकीत मला दहा मिनिटं द्या, असं मंडळींना सांगून ठेवलंय. ते वाक्य मागे घ्यायचंय. या वेळी टाळी पडणार नाही, पण बहिणीला पहिल्या रांगेत बसायला बोलावलं आहे.