आधी रक्ताचा नमुना, मग पहिला डोस

जानेफळसारख्या गावात तापाचे अनेक रुग्ण आधी मेडिकलमधली गोळी घेतात; ताप हटला नाही की मेहकर, बुलढाणा, अकोल्याची वाट धरतात. तोवर काहींच्या रक्तात जंतू पसरलेले असतात, आणि क्लेब्सिएलासारख्या जंतूवर अनेकदा मेरोपेनेमसारखे राखीव प्रतिजैविकही चालत नाही. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंनी 2019 मध्ये जगभरात सुमारे 12.7 लाख जीव घेतले. अनेक प्रतिजैविकांवर 'एच-1' अनुसूचीचे बंधन 2014 पासून आहे: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही आणि प्रत्येक विक्रीची नोंद सक्तीची. पण दुकानातली नोंदवही तपासतो कोण? त्याहून मोठी उणीव रक्ततपासणीची. पहिल्या डोसाआधी कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून तपासण्यासाठी, रक्त घेतले आणि त्यात जंतू सापडले, तर दोन-तीन दिवसांत बहुधा नेमके औषध कळते. त्यासाठी उपचार थांबवावे लागत नाहीत. ग्रामीण रुग्णालयातला नमुना वेळेत प्रयोगशाळेत पोहोचेल, याची हमी आरोग्य विभागाने द्यावी.