दुखणे हातात, अभ्यास मेंदूचा

मनगटाचे हाड मोडले, काही आठवड्यांनी प्लास्टर निघाले, क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसले. तरीही हाताची आग होते, सूज उतरत नाही, पदराचा स्पर्शही सोसवत नाही. अशा वेळी घरातूनच ऐकू येते, ‘हाड जुळले, आता हे मनाचे खेळ!’ वाचकहो, असे म्हणण्याची घाई करू नका. ही वेदना खरी असते. तिचे मूळ मात्र केवळ हातात राहिलेले नसते.

शरीराच्या प्रत्येक अवयवाचा जणू एक नकाशा मेंदूत असतो. वेदना दीर्घकाळ टिकली व अवयवाचा वापर थांबला, की हा नकाशा पुसट होऊ शकतो आणि धोक्याची सूचना देणारी मज्जासंस्था अतिसंवेदनशील बनते. पाय कापलेल्या रुग्णाला नसलेल्या बोटांत कळा जाणवतात, त्यातही मेंदूचा वाटा असतो. १९९० च्या दशकात डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी अशा वेदनेवर साधा आरसा वापरून पाहिला. पुढे ऑस्ट्रेलियन संशोधक लॉरिमर मोझली यांनी तीन पायऱ्यांची पद्धत मांडली.

पहिली पायरी : चित्रातील हात डावा की उजवा, हे ओळखणे. दुसरी : हात न हलवता हालचालीची केवळ कल्पना करणे. तिसरी : आरसा. तो शरीराच्या मध्यरेषेवर उभा ठेवावा. दुखरा हात मागे, निरोगी हात समोर. बांगड्या, अंगठी, घड्याळ आधी काढावे, म्हणजे प्रतिबिंब दुखऱ्या हातासारखेच भासते. मग निरोगी हात सावकाश हलवून प्रतिबिंबाकडे पाहावे. अभ्यास थोडा थोडा, पण नियमित करावा. कळ वाढली किंवा मळमळले, तर थांबून मागील पायरीवर यावे.

हा अभ्यास प्रथम भौतिकोपचारतज्ज्ञांकडून शिकून घ्यावा. सर्वांनाच सारखा गुण येत नाही. नेहमीची औषधे व व्यायाम परस्पर बंद करू नयेत. नवी सूज, ताप, जखम किंवा अवयव अचानक थंड अथवा काळानिळा पडणे, अशा वेळी आरसा बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांना गाठावे.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती : दुखरा हात ओढून ‘हलवा की’ म्हणू नका. स्पर्शापूर्वी विचारा. आरसा धरून शेजारी बसा. आपल्या दुखण्यावर घरच्यांचा विश्वास आहे, एवढे कळले तरी रुग्णाला पुढच्या पायरीचे बळ येते.