अठ्ठेचाळीस तासांचे अर्थशास्त्र

इन्फ्लुएंझावरील ऑसेल्टामिविर हे औषध लक्षणे दिसल्यापासून 48 तासांच्या आत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरते. म्हणजे येथे खरी टंचाई वेळेची आहे. 2009 साली पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला, तेव्हा हे औषध केवळ सरकारी यंत्रणेमार्फत मिळत असे. पुढे विक्री सुरू झाली तीही ‘एक्स’ अनुसूचीचा खास परवाना असलेल्या मोजक्या दुकानांतून. अतिवापराने विषाणू औषधाला दाद देईनासा होईल ही भीती निराधार नव्हती. पण तिची किंमत कोणी मोजली? 2017 साली औषध ‘एच-1’ अनुसूचीत आले आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सामान्य दुकानांतही विकता येऊ लागले. विकता येते, ठेवलेले असतेच असे नाही.

गरोदर स्त्रिया, वृद्ध, मधुमेही यांच्याबाबत तपासणीच्या अहवालासाठी खोळंबू नये, असे सरकारी मार्गदर्शनच सांगते. तरीही सुरगाणा वा पेठ तालुक्यातील मधुमेही मजुराने एक दिवस ताप अंगावर काढला आणि दुसरा एस.टी.ने नाशिक गाठण्यात घालविला, की मुदत सरली. (एप्रिल 2021 मध्ये रेमडेसिविरसाठी रांगा लावणाऱ्या आपल्या समाजाला या साध्या औषधाचे नावही आठवू नये, हे नवलच.) म्हणून हा साठा पावसाळ्यापूर्वीच प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असला पाहिजे, आणि जोखमीच्या रुग्णाला पहिली मात्रा देण्याचा निर्णय तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने तेथेच घ्यावा. काही औषध मुदतबाह्य होऊन फेकावे लागेल. लेखापरीक्षक त्यावर आक्षेप घेतील, घेऊ द्यावा.