डॉक्टरांची वर्गणी : भरण्यापूर्वी हा हिशेब करा

दर भेटीला फी देण्याऐवजी महिन्याची ठरावीक रक्कम. ही पद्धत रुग्णाच्या किती फायद्याची, आणि त्यात कोणती काळजी घ्यायला हवी?

नारायण पेठेत 'वर्गणी' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गणेशोत्सवाची वर्गणी असते, पुणे मराठी ग्रंथालयाची असते, सोसायटीच्या देखभालीचीही असते. मग डॉक्टरांची वर्गणी का नसावी? अमेरिकेत 'डायरेक्ट प्रायमरी केअर' या नावाने ही पद्धत रुळली आहे. पेठेतल्या रुग्णांनी तिचा विचार जरूर करावा, पण विमा समजून नव्हे आणि तोंडी भरवशावर तर मुळीच नव्हे.

पेठेत हा प्रश्न महत्त्वाचा का?

वाडे गेले, त्या जागी इमारती आल्या. अनेक घरांत आता फक्त आजी-आजोबा राहतात. मुले बाणेरला, बंगळुरूला नाहीतर परदेशात. पूर्वी घराच्या तीन पिढ्या ओळखणारे फॅमिली डॉक्टर हाकेच्या अंतरावर असत. कोणाला कोणते औषध सोसत नाही, हे त्यांना कागद न पाहता ठाऊक असे. रात्री फोन केला तर सल्ला मिळे, त्याचे वेगळे पैसे कोणी मागत नसे. आता नव्या पिढीतले बरेच डॉक्टर एखाद्या विषयाचे तज्ज्ञ होणे पसंत करतात. त्यामुळे गुडघ्याला एक डॉक्टर, साखरेला दुसरे, रक्तदाबाला तिसरे. पण सगळ्या गोळ्या एकत्र पाहणारे कोणीच नाही, अशी स्थिती होते. वर्गणीच्या पद्धतीचे खरे आकर्षण इथे आहे.

ही पद्धत चालते कशी?

रुग्ण किंवा कुटुंब डॉक्टरांना दरमहा ठरलेली रक्कम देते. त्यात तपासणी, फोनवरचा सल्ला, रिपोर्ट पाहणे, जुन्या आजारांचा पाठपुरावा आणि काही ठिकाणी घरी येऊन तपासणे यांचा समावेश असतो. मधे विमा कंपनी नसते. डॉक्टर मोजकेच सभासद घेतात, त्यामुळे प्रत्येकाला जास्त वेळ देता येतो. अमेरिकेत ही रक्कम साधारणपणे महिन्याला ५० ते १०० डॉलर असते. १ जानेवारी २०२६ पासून तिथे एका व्यक्तीची महिना १५० डॉलरपर्यंतची अशी वर्गणी करसवलतीच्या आरोग्य बचत खात्यातूनही भरता येते.

आपल्याकडे असे काही आहे का?

नाव वेगळे असले, तरी कल्पना जुनी आहे. पुण्यात केंद्र सरकारी कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारकांसाठी असलेली 'सीजीएचएस' वर्गणीवरच चालते. वेतनस्तरानुसार महिना २५० ते १,००० रुपये द्यायचे आणि वेलनेस सेंटरमध्ये तपासणी व औषधे घ्यायची. निवृत्तांना दहा वर्षांची वर्गणी एकदम भरून आयुष्यभराचे कार्ड घेता येते. कामगार राज्य विमा योजनेतही २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के रक्कम जाते.

सर्वांत बोलके उदाहरण वर्धा जिल्ह्यातले आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांत सुगीनंतर ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्यसेवा दिली. ज्याची ऐपत जास्त, त्याची ज्वारी जास्त. आजारी पडण्याआधी सगळ्यांनी थोडे थोडे द्यायचे, म्हणजे आजारपणात कोणाला हात पसरावे लागत नाहीत, हे त्यामागचे सूत्र होते.

विमा आणि वर्गणी यांत फरक काय?

बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडतात. सर्दी-खोकला, साखरेची तपासणी, महिन्याच्या गोळ्या हा खर्च खिशातूनच होतो. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट खिशातून भरली. वर्गणी या रोजच्या खर्चापैकी डॉक्टरांच्या फीचा भाग उचलते. औषधे, रक्त तपासण्या, सोनोग्राफी आणि शस्त्रक्रिया सहसा तिच्या बाहेर असतात. म्हणून वर्गणी भरली म्हणून विमा बंद करणे ही मोठी चूक ठरेल. 'दवाखान्याची वर्गणी भरा, ऑपरेशनचे बिलही आम्ही देऊ' असे कोणी सांगत असेल तर सावध व्हा. विमा विकण्याचा अधिकार 'आयआरडीएआय'कडे नोंदणी केलेल्या कंपन्यांनाच आहे.

कोणाला परवडते?

केवळ हिशेबासाठी असे धरा, की एका भेटीची फी ३०० रुपये आणि वर्गणी महिना ५०० रुपये, म्हणजे वर्षाला ६,००० रुपये आहे. पस्तिशीतला निरोगी माणूस वर्षातून तीनदा डॉक्टरकडे गेला, तर त्याचा खर्च ९०० रुपये होतो. त्याला वर्गणी महागच पडेल. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या आजी दरमहा जात असतील, तर १२ भेटींचे ३,६०० रुपये होतात. घरी दोनदा डॉक्टर बोलवावे लागले आणि त्याचे प्रत्येकी १,००० रुपये पडले, की आकडा ५,६०० वर जातो. म्हणजे आजींचे जवळजवळ बरोबरीत येते आणि फोनवरचा सल्ला व रिपोर्ट पाहणे ही वरची कमाई. पैसे वाचवण्यासाठी नव्हे, तर सतत लक्ष ठेवणारा एक डॉक्टर हवा असेल, तरच वर्गणी भरावी.

धोका कुठे आहे?

पैसे देण्याची कोणतीच पद्धत निर्दोष नसते. दर भेटीला फी असेल, तर 'आठवड्याने परत या' म्हणण्याचा मोह होतो. महिन्याची रक्कम आधीच मिळाली असेल, तर रुग्णाला टाळण्याचा किंवा लगेच तज्ज्ञाकडे पाठवण्याचा मोह होऊ शकतो.

त्याहून गंभीर प्रश्न रांगेचा आहे. डॉक्टरांनी मोजकेच सभासद घेतले, तर लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात काम करणारी मुलगी किंवा चार घरची धुणी-भांडी करणारी बाई कोणाकडे जाणार? महापालिकेचे दवाखाने आहेत, पण म्हणून पेठेतल्या डॉक्टरचे दार फक्त सभासदांसाठी उघडे राहणे योग्य नाही. वर्गणी घेणाऱ्या डॉक्टरांनी दिवसातले काही तास दर भेटीच्या रुग्णांसाठी राखून ठेवलेच पाहिजेत. सेवाग्रामची ज्वारी ऐपतीप्रमाणे होती, हे इथे आठवावे.

भरण्यापूर्वी काय विचाराल?

१. वर्गणीत नेमके काय येते? महिन्याला किती भेटी, घरी येणे आहे का, फोन किती वाजेपर्यंत, हे लेखी घ्या.

२. डॉक्टर गावाला गेले तर कोण पाहणार? रात्री छातीत दुखू लागले तर कोणाला फोन करायचा? अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वर्गणी हा तातडीच्या उपचारांना पर्याय नाही.

३. मधेच थांबायचे असेल किंवा सभासदाचा मृत्यू झाला, तर उरलेले पैसे परत मिळतात का?

४. फोनवरून सल्ला दिला तर त्याची नोंद राहते का? २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार ती ठेवायची असते आणि सगळीच औषधे फोनवरून लिहून देता येत नाहीत.

५. तज्ज्ञाकडे किंवा लॅबमध्ये पाठवण्यात कमिशन आहे का? डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार असे कमिशन घेणे निषिद्ध आहे.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यामुळे ठरलेली सेवा मिळाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. माहितीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मात्र हातात पावती आणि लेखी अटी हव्यात.

एकदम वर्षाची रक्कम भरू नका. आधी तीन महिने भरून पाहा. या काळात डॉक्टरांनी सगळ्या गोळ्यांची एक यादी केली का, फोन उचलला का, आधीच्या भेटीतले त्यांना आठवले का, एवढे तपासा. तिन्हींची उत्तरे 'हो' असतील, तर वर्गणी सत्कारणी लागली असे समजा.