मुलांशीं बोलावयाचें कोणीं?

आई घरांत एकीकडे कां बसली आहे, असें लहान मुलानें विचारलें म्हणजे "तिला कावळा शिवला" असें उत्तर देण्याची चाल आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली. शहरांतील पुष्कळ घरांतून बाजूस बसण्याची ती चाल आतां मोडली आहे, व तें चांगलेंच झालें. परंतु कावळा कांहीं उडून गेलेला नाहीं. शरीरासंबंधीं मुलानें प्रश्न केला कीं, कोणती तरी थाप मारून किंवा डोळे वटारून त्यास वाटेस लावावयाचें, हा क्रम सुशिक्षितांच्या घरींहि अद्याप चालूच आहे. पुढें मुलगा तेरा-चौदा वर्षांचा होतो, त्याचा आवाज फुटतो, झोपेंत वीर्यपात होऊन तो घाबरतो. मुलीला शाळेंतच पहिली पाळी येते व आपणांस कांहीं भयंकर रोग झाला असें वाटून ती रडूं लागते. आणि दोघांनाहि घरांत विचारावें असें एकहि माणूस आढळत नाहीं. वेळ आली म्हणजे आपोआप कळतें, असें वडील मंडळी म्हणतात. कळतें हें खरें. पण कोणाकडून कळतें, हें त्यांनीं कधीं पाहिलें आहे काय?

हें बोलणें आमच्या संस्कृतींत बसत नाहीं, असें म्हणणारांस आम्ही त्यांच्याच आजी-पणजीच्या घराची आठवण देतों. मुलीस न्हाण आलें म्हणजे तिला मखरांत बसवावें, आळींतल्या सुवासिनींस बोलावून तिची ओटी भरावी, असा सोहळा महाराष्ट्रांत कित्येक घरीं होत असे. म्हणजे बातमी साऱ्या आळीस होती. ज्या मुलीचें शरीर, तिला मात्र त्याचा अर्थ समजावून देण्याची जरूर कोणास वाटत नसे. तेव्हां लाज ही सबब खरी नव्हे. गोष्ट चारचौघांत गाजवितांना आमच्या पूर्वजांस लाज वाटली नाहीं. ती मुलास समजावून सांगतांना वाटली.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ च्या जुलै महिन्यांत 'समाजस्वास्थ्य' हें मासिक काढलें आणि लोकनिंदा व पैशाची ओढाताण सोसून तें १९५३ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरीपर्यंत चालविलें. वाचक त्यांस लैंगिक विषयांवर प्रश्न विचारीत व ते त्यांस छापील उत्तरें देत. या उत्तरांबद्दलच त्यांजवर अश्लीलतेचा खटला झाला, १९३४ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनें उभे राहिले, खटला हरला आणि कर्व्यांस दोनशें रुपये दंड झाला. खटल्याच्या कायदेशीर बाजूवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस त्यांतली दुसरीच गोष्ट अधिक विचार करण्याजोगी वाटते. ती ही कीं, जें आपल्या घरांत विचारण्याची सोय नव्हती तें लोक एका अनोळखी संपादकास पत्रानें विचारीत होते. कर्व्यांचें तरी बरें, कीं ते शास्त्र पाहून उत्तर देत. आज मुलाच्या हातांत मोबाईल आहे, आणि त्यावर न मागतां जें दिसतें त्यांत शास्त्रहि नाहीं व माणुसकीहि नाहीं. शिवाय रेल्वेच्या रुळांकाठच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या हमखास इलाजाच्या जाहिराती रंगविणारे वैदू आहेतच. झोपेंत होणारा वीर्यपात हा रोग नव्हे, वाढत्या वयाचा स्वाभाविक धर्म आहे, हें एक वाक्य बापानें मुलास सांगितलें असतें तर या लोकांचें निम्मे गिऱ्हाईक नाहींसें झालें असतें! आमच्या व्यापारी वाचकांस हा हिशेब सहज समजेल. मुलगा गल्ल्यावर बसूं लागला म्हणजे खोटी नोट कशी ओळखावी, उधारी कोणास द्यावी व कोणास देऊं नये, हें आपण त्याला जवळ बसवून शिकवितां. आणि त्याच मुलास त्याच्या स्वतःच्या देहाविषयीं मात्र भिंतीवरच्या जाहिरातींच्या हवालीं करतां.

२००५ सालीं केंद्र सरकारनें शाळांसाठीं किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम पुढें आणला. २००७ सालीं महाराष्ट्रासह कित्येक राज्यांनीं हरकत घेऊन तो अडविला. असल्या गोष्टी आईबापांनीं घरीं सांगावयाच्या असतात, मास्तरांनीं वर्गांत नव्हेत, हें हरकत घेणाऱ्यांपैकीं अनेकांचें म्हणणें होतें. शाळेनें हें शिकवावें असें आमचें स्पष्ट मत आहे. तथापि वादापुरतें आम्ही त्यांचें म्हणणें मान्य करतों. घरीं सांगावयाचें, तर सांगा! २०११ च्या जनगणनेप्रमाणें या देशांत दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींची संख्या पंचवीस कोटींवर होती. इतक्या मोठ्या पिढीसाठीं शाळेचा दरवाजा लावून घेणारांनीं घराचा दरवाजा किती उघडला, हें त्यांनीं आपल्या मनाशींच पाहावें.

घरच्या बोलण्याचा कांहीं उपयोग होतो काय, अशी शंका व्यवहारी माणूस घेईल, व ती घेणें योग्यच आहे. 'जामा पेडिॲट्रिक्स' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांत २०१६ सालीं तीस वर्षांतल्या ५२ अभ्यासांचें एकत्र गणित प्रसिद्ध झालें. त्यांत पंचवीस हजारांहून अधिक मुलांमुलींची माहिती होती. ज्यांचे आईबाप त्यांच्याशीं या विषयावर बोलतात, तीं मुलें पुढें कंडोम व गर्भनिरोधक साधनें वापरण्याची काळजी अधिक घेतात, असें त्यांत दिसून आलें. परिणाम लहान आहे, हें आम्ही लपवीत नाहीं. पण तो निश्चित आहे, मुलींत मुलांपेक्षां अधिक आहे, आणि आईच्या बोलण्यानें बापाच्या बोलण्यापेक्षां अधिक साधतें. बापांनीं या शेवटच्या गोष्टीवरून आपली सुटका झाली असें समजूं नये. बोलण्यानें मुलें बिघडतील ही भीति तर अगदींच निराधार आहे. 'युनेस्को'नें २०१८ सालीं सुधारून काढलेल्या मार्गदर्शिकेंत अनेक देशांतला पुरावा तपासून, असें शिक्षण मिळाल्यानें मुलें लवकर शरीरसंबंधाकडे वळत नाहींत, असेंच म्हटलें आहे. शिवाय आमच्याकडे आईची जीभ रेटत नसेल तर मावशी आहे, आत्या आहे, थोरली वहिनी आहे. मुलग्यांसाठीं एखादा समंजस काका किंवा मामा आहे. हीं माणसें आहेत तोंवर बोलावयास कोणी नाहीं ही तक्रार करण्यास आम्हांस जागा नाहीं.

आतां आम्ही कायद्याकडे वळतों. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें २००७ सालीं तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली; त्या राज्यांत महाराष्ट्र व गोवा हींहि होतीं. निम्म्याहून अधिक मुलांनीं आपणांस कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक उपद्रव झाल्याचें सांगितलें, आणि उपद्रव देणारांत सुमारें निम्मे लोक ओळखीचे व विश्वासांतले होते. पुढें २०१२ सालीं लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण करणारा कायदा, ज्यास सामान्यतः पॉक्सो म्हणतात, तो झाला. त्यांतील तीन कलमें आम्ही प्रत्येक आईबापानें वाचावींत असें म्हणतों. सव्विसाव्यांत मुलाचा जबाब, सत्ताविसाव्यांत वैद्यकीय तपासणी आणि तेहेतिसाव्यांत न्यायालयांतील साक्ष, यांसंबंधीं तरतूद आहे. आणि तिन्ही ठिकाणीं आईबाप किंवा आप्त यांच्याबरोबर एकच शब्दयोजना येते : ज्याच्यावर मुलाचा विश्वास आहे अशी व्यक्ति. कायद्यानें पोलीस नेमले, विशेष न्यायालयें नेमलीं, विशेष सरकारी वकील नेमले. पण ही व्यक्ति त्याला नेमतां येत नाहीं. ती मुलाच्या घरांत आधींच तयार असावी लागते. शरीराविषयीं प्रश्न केला म्हणून ज्या मुलीनें दहाव्या वर्षीं थप्पड खाल्ली, ती बाराव्या वर्षीं घरांतल्याच माणसाचें नांव घेऊन कोणाजवळ जाईल? "इतके दिवस कां सांगितलें नाहीं?" हा प्रश्न उलटतपासणींत ठरलेला असतो. त्याचें खरें उत्तर पुष्कळदां एवढेंच असतें कीं, सांगावें कोणाला हें तिला माहीत नव्हतें.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. सव्विसाव्या कलमाप्रमाणें जबाब मुलानें जसा सांगितला तसाच लिहून घ्यावयाचा असतो. ज्या मुलास शिश्न, योनि, मासिक पाळी हे साधे शब्द कोणीं शिकविलेच नाहींत, तें मूल "तिथें" असें म्हणून थांबतें. आणि त्या "तिथें"चा फायदा आरोपीचा वकील घेतो. हात, पाय, नाक, कान शिकवितांनाच हींहि नांवें शिकविलीं तर त्यांत चोरून बोलण्यासारखें कांहीं उरत नाहीं.

मुलग्यांच्या बापांसहि एक सांगणें आहे. अठरा वर्षांखालील मुलीची संमति ही या कायद्यापुढें संमतिच नव्हे. सतरा वर्षांच्या मुलीनें आपण होऊन होकार दिला, असें एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणूं लागला तरी तो त्याचा बचाव होत नाहीं. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शरीरसंबंधाच्या अपराधास कमींत कमी दहा वर्षें कैद आहे. ही मर्यादा अशा जोडप्यांस फार कठोर आहे कीं काय, याविषयीं कायदेपंडितांत वाद आहे, व तो वाद व्हावा असेंच आम्हांस वाटतें. पण वाद चालू असतां कायदा अमलांत आहे, आणि तो मुलास ठाण्यावर कळण्याआधीं घरीं कळलेला बरा.

राहतां राहिली घराच्या अब्रूची गोष्ट. मुलानें सांगितलें, आईबापांनीं ऐकलें, मग चार नातेवाईक बसले व तें प्रकरण आंतल्या आंत मिटवून टाकलें, असें घडतें. मूल पुन्हां त्याच घरांत, त्याच माणसाच्या पंक्तीला जेवावयास बसतें, आणि पुढच्या वेळीं कांहीं सांगत नाहीं. अपराध घडल्याचें ठाऊक असून विशेष बालपोलीस पथकास किंवा स्थानिक पोलिसांस न कळविणें हाहि एक अपराध आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. एकविसाव्या कलमानें न कळविल्याबद्दल मुलास जबाबदार धरलेलें नाहीं. मिटवामिटवी करणाऱ्या मोठ्या माणसांस मात्र त्याच कलमाखालीं सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.