सध्या काय वाचताय? खरं सांगा...

मंडळी, आधी एक कबुली.

मागच्या रविवारी मी इथंच विचारलं होतं, "सध्या काय वाचताय?" आणि पहिली कॉमेंट मीच टाकली होती, "नेमाडे सरांची 'हिंदू', दुसऱ्यांदा." खोटं होतं ते. 'हिंदू' 2010 साली आली तेव्हा हौसेनं घेतली. सांगवीचा माणूस, आपल्या यावल तालुक्यातला, न घेऊन चालणार कसं! पण माझी गाडी मध्येच अडकली. खूण म्हणून ठेवलेलं एसटीचं तिकीट अजून त्याच पानात आहे, त्यावरची शाईसुद्धा उडाली. दुसऱ्यांदा सोडा, पहिल्यांदाच पूर्ण झालेली नाही. सध्या माझ्या उशाशी सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' आहे. चौथी खेप.

पोस्टला लाईक मात्र भरपूर पडले. संध्याकाळी धुळ्याहून एका जुन्या स्नेह्याचा फोन आला. एसटीतून निवृत्त झालेले, वयानं मोठे, मी त्यांना आबा म्हणतो. नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ प्रश्न, "भाऊ, काय वाची ऱ्हायनात आते? खरं सांगा." मी गप्प. मग तेच हसले, "मनीबी अर्धीच ऱ्हायनी." पुढं अर्धा तास आम्ही कोण कुठं अडकला आणि का, यावर बोललो. गेल्या वर्षभरात पुस्तकांवर इतकं मोकळं बोलणं माझं कुणाशी झालं नव्हतं. त्या गप्पांमुळेच मी ते तिकीट चार पानं पुढं सरकवलं, हेही सांगून टाकतो.

आता तुमच्या कॉमेंट्सकडे येऊ. रागावू नका. 'मृत्युंजय', 'श्रीमान योगी', 'ययाति', 'कोसला'. परत 'मृत्युंजय'. पुस्तकं थोरच आहेत, वाद नाही. पण एवढ्या लोकांत एकानंही लिहिलं नाही की बुवा वाचतोय पण कळत नाहीये, किंवा कंटाळून सोडलं. आपण वाचत असलेलं पुस्तक सांगत नव्हतो, लग्नाच्या बायोडाटात शोभेल असं सांगत होतो. मी धरून सगळे.

खरी उत्तरं आली ती मेसेजमध्ये, गुपचूप. एका गुरुजींनी लिहिलं, "नारायण धारप. शाळेत सांगू नका." अभ्यासिकेत बसणाऱ्या एका मुलीनं लिहिलं, चालू घडामोडींच्या पुस्तकाखाली कादंबरी ठेवून वाचते, शेजारच्यांना कळलं तर म्हणतील हिला पोस्ट काढायचीच नाही. आणि रावेरकडच्या एका शेतकरी दादांचा मेसेज तर मी दोन-तीनदा वाचला. "केळीच्या करप्यावरची पुस्तिका वाचून राह्यलो भो. चालते का?"

चालते का! हा प्रश्न त्या माणसाला पडावा, हा आपला दोष आहे. त्यांच्या बागेचा घास घेणारा रोग आहे तो. पुस्तिकेतली ओळ न् ओळ पेन्सिलीनं खुणा करत वाचत असतील, एवढं जीव तोडून माझ्या ओळखीतला एकही साहित्यिक वाचत नसेल. आणि तो माणूस विचारतोय, हे वाचन म्हणून धरता का? मी उत्तर दिलं, दादा, पहिला नंबर तुमचा.

आबांच्या फोनवरून धुळ्याचीच एक जुनी गोष्ट डोक्यात आली. 1932 साल. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा होते, साने गुरुजीही होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी विनोबा सोबतच्या कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. 18 रविवार, 18 अध्याय. गुरुजींनी ते टिपून घेतलं आणि त्यातूनच 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं. तुम्ही गीता माना, न माना, तो वेगळा विषय. मला त्यातली व्यवस्था दिसते. ठरलेला वार, एक माणूस आपण जे वाचत आलो ते बरोबरच्यांना सांगतोय, बाकीचे ऐकतायत आणि एक जण लिहून घेतोय. हारतुरे नाहीत, प्रमुख पाहुणे नाहीत, प्रास्ताविक तर नाहीच नाही.

त्याच्या आधी, अमळनेरला प्रताप हायस्कूलचं वसतिगृह सांभाळताना साने गुरुजी मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' काढायचे. हातानं लिहिलेलं. आम्ही पत्रकारितेच्या डिप्लोमाला अंकाची मांडणी शिकलो, मथळे शिकलो, पण जिल्ह्यातल्या या दैनिकाचं नाव वर्गात कधी ऐकल्याचं आठवत नाही. असो.

त्याच अमळनेरला फेब्रुवारी 2024 मध्ये 97 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. 1952 नंतर थेट 72 वर्षांनी. त्याच दिवसांत गावात विद्रोही संमेलनही भरलं. मी बातम्या केल्या. गर्दी किती, जेवण कसं, पार्किंगचं काय, व्यासपीठावर कोण रुसलं. पण पुस्तकांच्या गाळ्यांमधून पिशवी घेऊन निघालेल्या एकाही माणसाला मी थांबवून विचारलं नाही, काय घेतलंत हो? दरवर्षी 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचं तेच. मुलं पुस्तक उघडून रांगेत बसलेली, मागं सर उभे, खाली ओळीनं नावं. पुस्तकाचं नाव कुठंच नाही. हे फोटो आम्हीच छापतो, त्यामुळे दुसऱ्याला बोलायची सोय नाही.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे वाचनालयांची कमी नाही. जळगावचं व. वा. वाचनालय एकोणिसाव्या शतकातलं, धुळ्याला गरुड वाचनालय, तालुक्यातालुक्यात आणखी. शासनमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे आहेत, त्यावर अनुदान ठरतं. दर्जासाठी कपाटात पुस्तकं किती हे मोजतात. मला विचाराल तर गावाची खरी कुंडली देवघेवीच्या रजिस्टरात असते. परवा एका वाचनालयात (नाव घेत नाही, तिथल्या मॅडम अपुऱ्या पगारात आठ तास बसतात) एका पुस्तकाच्या मागची तारखांची चिठ्ठी पाहिली. शेवटचा शिक्का 2011 चा. त्याच वेळी अभ्यासिकेचा हॉल खच्चून भरलेला, प्रत्येकाचं पुस्तक घरून आणलेलं. मधल्या भिंतीला दार आहे, ते उघडं असतं, पण त्यातून कुणी जात नाही.

म्हणून एक साधी मागणी. वाचनालयाच्या दाराशी एक फळा लावा. त्यावर रोज लिहा, या आठवड्यात कोणती पुस्तकं बाहेर गेली आहेत. वाचकांची नावं नकोत, कोण काय वाचतं ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे. शिवाय नाव आलं की माणूस माझ्यासारखा 'हिंदू' सांगतो. नुसती पुस्तकांची नावं. धारप असतील तर धारप, करप्याची पुस्तिका असेल तर ती. त्या मुलीला कळू द्या की गावात कादंबरी वाचणारी ती एकटी नाही. खर्च म्हणाल तर खडूचा. दोन वाचनालयांशी बोललो. एके ठिकाणी "कमिटीसमोर ठेवतो" म्हणाले, म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसरीकडे फळा आहे, त्यावर सध्या थकबाकीदार सभासदांची यादी आहे. ती पुसायला तयार आहेत. खडू मी नेऊन देतो म्हटलंय.

तोवर इथंच सुरू करू. अट एकच, खरं लिहायचं. अर्धं सोडलेलं, झोप आणणारं, मोबाईलवर ऐकलेलं, नातवाला वाचून दाखवलेलं, सगळं चालेल. कुणी कुणाला हसायचं नाही. हसणाऱ्याची कॉमेंट मी उडवणार.

माझं: 'दुनियादारी', चौथ्यांदा, अर्ध्यावर. आणि 'हिंदू', तिकिटाच्या पुढं चार पानं.

रावेरवाले दादा, तुम्ही आता मेसेजमध्ये नका, इथं खाली लिहा. करप्याचं पुढं काय झालं तेही सांगा.